फितीवर न उतरलेला आवाज

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आजवर दुसऱ्यांचं बोलणं सांभाळलं, आता थोडं माझं ऐका. लांबण लावणार नाही.

रेडिओ केंद्रावर आलो तेव्हा मला एका तरुण बातमीदाराच्या हवाली केलं. मला चामडी पिशवीत घालून तो खांद्याला अडकवायचा आणि माइक हातात धरायचा. माणसांचं मला नवल वाटायचं. माइक पुढे आला की ती कॉलर नीट करायची. आवाजाला कॉलर कशाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही.

फीत वाया जाऊ नये म्हणून बातमीदार रेकॉर्डिंगचं बटण आधीच दाबायचा, सोबत पॉजचंही. समोरचा बोलायला लागला की पॉज सोडायचा. एके दिवशी आम्ही एका पुलावर गेलो, तर तिथला पहारेकरी प्रश्नाची वाट न बघताच सुरू झाला. बातमीदार ऐकण्यात गुंगला. पॉज सोडायचा राहिला. पिशवीत मला नुसती ट्रकांची घरघर ऐकू आली.

केंद्रावर येऊन फीत लावली. कोरी. बातमीपत्राला वीस मिनिटं उरली होती.

"पुलाला तडा गेलाय, तीनदा वर कळवलंय, एवढंच ना?" ध्वनिमुद्रणवाला म्हणाला. "मी काढतो त्याचा आवाज. नकलांत माझा हात कोण धरतो?"

"उरका मग," केंद्रप्रमुख म्हणाले. "कोण ओळखणार आहे?"

"तो ओळखेल ना," बातमीदार म्हणाला.

"उद्या बांधकाम खात्याच्या कचेरीने पुरावा मागितला तर तुझ्या बातम्या बंद. आधीच सांगतो."

बातमीदार आत स्टुडिओत जाऊन बसला. पहारेकऱ्याचं म्हणणं त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं. आवाज का नाही तेही सांगितलं. "बटण माझ्याकडून राहिलं," म्हणाला.

कचेरीने पुरावा मागितलाच. बातमीदाराला सकाळची गाणी लावायला बसवलं. मीही त्याच्या टेबलावर गेलो. महिन्याभरात पूल दुरुस्तीला बंद झाला, पण बातम्या त्याला परत मिळाल्या नाहीत.

मग तो दोन गाण्यांच्या मधे लोकांना फोनवर विचारू लागला, "काय मावशी, पाणी आलं का नळाला?" मावशी सगळ्या गल्लीची खबर द्यायच्या आणि गाणं सांगायचं विसरायच्या. बावीस वर्षं हेच चाललं. खोड जात नाही म्हणतात ते खरं.

निवृत्तीच्या दिवशी केंद्राने मला त्याच्या हाती दिलं. आता मी त्याच्या घरी, औषधांच्या डब्याशेजारी असतो.

"काय बोलला होता हो तो पुलावरचा?" त्याची बायको कधीतरी विचारते. तो सांगतो, स्वतःच्याच आवाजात.

शब्द मला पाठ झाले आहेत. पण तो आवाज जाड होता की किरटा, बोलताना पहारेकरी भ्यायला होता की चिडला होता, हे मला माहीत नाही. मला ते हवं आहे.

पहारेकरीबुवा, कुठे असाल तर एकदा येऊन जा. मी अजून चालतो.