मांडीतून उपटलेली, गुडघ्यात बांधलेली

मी एक कंडरा बोलतेय, स्नायूला हाडाशी बांधणारी. डोकं खाजवू नका. गुडघा वाकवा आणि मांडीच्या मागे, आतल्या बाजूला बोट दाबा. दोरीसारखं ताठ काही लागलं ना? तीच आमची जात.

मी एका कुस्ती खेळणाऱ्या पोरीच्या उजव्या मांडीत जन्मले. सगळे तिला तोफ म्हणत. तिचा थोरला भाऊच तिचा कोच. समोरचीला कमरेला मिठी मारून ती उचलून आपटायची, तेव्हा गुडघा दुमडायचं काम माझं. मला ते फार आवडायचं. धप्पकन पडणाऱ्या अंगाचा आवाज मला गोड लागायचा.

मग एका लढतीत तिचा पाय मॅटवर रुतला आणि वरचं अंग फिरलं. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट फट्दिशी तुटलं. शेजारी मेला म्हणून मी हळहळले, पण त्याच्या जागी मलाच नेणार हे मला कुठे ठाऊक!

ऑपरेशनच्या टेबलावर नडगीपाशी कातडी चिरली. एका पोलादी कड्यात मला ओवलं आणि ते कडं मांडीत वरपर्यंत रेटलं. जन्मापासून ज्या स्नायूला धरून होते, त्याच्यापासून मी उपटले गेले. अंगाला चिकटलेलं मांस खरवडलं, मला दुमडून टाके घातले. तिकडे ड्रिलने हाडांना भोकं पाडणं चाललं होतं, भुगा उडत होता. त्या भोकांतून मला ओढलं आणि स्क्रूने आवळलं. "ग्राफ्ट मस्त घट्ट बसलाय," सर्जन म्हणाले. माझं नावसुद्धा गेलं; आता मी ग्राफ्ट, म्हणजे नुसतं कलम.

घट्ट होते खरी, पण माझा रक्तपुरवठा तुटला होता. माझ्या पेशी उपाशी मेल्या. मग गुडघ्यातून नव्या रक्तवाहिन्या घुसल्या, नव्या पेशी आल्या आणि आल्या आल्या त्यांनी मोडतोड मांडली. जुने धागे कुरतडायचे आणि मग नवे विणायचे! विणायला वर्ष-दीड वर्ष लागतं, पाडायला मात्र वेळ लागत नाही. तिसऱ्या महिन्यात मी कधी नव्हे इतकी दुबळी झाले.

आणि नेमकी तेव्हाच गुडघ्याची सूज उतरली, दुखणं थांबलं. माझ्या नसा तर कधीच तुटल्या होत्या, मी ओरडणार कुठून?

व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओबाईंनी बजावलं होतं, "बरं वाटलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. ग्राफ्ट आत्ताच सगळ्यात कच्चा आहे. इतक्यात मॅटवर पाय ठेवायचा नाही."

पण निवड चाचणी तोंडावर आली होती. दादा म्हणाला, "या बाईंना घाबरवायची सवयच आहे. दुखतंय का तुला?"

"नाही रे."

"मग झालं तर! एकच डाव. मी हळूच धरतो."

हळूच! कुस्तीतल्या माणसाला हळूच कधी जमलंय? आधी तिनेच त्याला पाठीवर आपटलं. सगळा हॉल हसला. तो इरेला पेटला आणि त्याने तिचा पाय ओढून असा पिळला, की माझा एकेक धागा सुटत गेला. मी जिवाच्या आकांताने धरून राहिले होते हो. पण शेवटी तुटलेच.

ती किंचाळली. मग पडल्या पडल्या त्याची कॉलर धरून त्याच्या तोंडावर ठोसे मारत सुटली. त्याचे ओठ फुटले, रक्त मॅटवर सांडलं. त्याने हात वर केला नाही. "मार," एवढंच म्हणत राहिला.

आज मी गुडघ्यात लोंबणारी चिंधी आहे. उद्या मला खरवडून फेकून देतील आणि डाव्या मांडीतून माझी बहीण उपटून इथे बांधतील. मला माझं वाईट वाटत नाही, तिची भीती वाटते.

तोफे, ऐक. तीही आत मरेल, आणि त्याच दिवसांत तुला एकदम छान वाटायला लागेल. पळावंसं वाटेल, कुणालातरी उचलून आपटावंसं वाटेल. दादा आता काही विचारणार नाही, त्याची हिंमतच गेली आहे. विचारशील ती तूच. तेव्हा स्वतःशी धादांत खोटं बोल, बाई. दुखतंय म्हण.