खालून पहिलं काज

कंपनीला चाळीस वर्षं पूर्ण होणार म्हणून मालकीणबाईंच्या भाच्याने एक पुस्तिका काढायचं ठरवलं आणि त्या कामाला एका निवृत्त वार्ताहराला जुंपलं. पुस्तिकेचं नाव ‘आमच्या बाई : काही अपरिचित गोष्टी’. अपरिचित म्हणजे भाच्याच्या मते गोड. बाई चहात साखर किती घालतात, सरकत्या जिन्याला कशा घाबरतात, पहिलं शिलाई मशीन कुठल्या खोलीत होतं, असल्या. पण माणूस निवृत्त झाला तरी त्याचं नाक काही निवृत्त होत नाही. पंधरा दिवस वार्ताहरांनी शिलाईखात्यापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना बोलतं केलं आणि सोमवारी सकाळी ते कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, बाईंच्या घरी, वही घेऊन हजर झाले.

“नऊ गोष्टी लिहून झाल्या. दहावी तुम्हाला विचारल्याशिवाय लिहिणार नाही,” ते म्हणाले. “बाई, तुम्ही स्वतः कंपनीचा कपडा कधीच घालत नाही. असं का?”

बाईंनी हात टेबलाखाली घेतले. दोन वर्षांपासून त्यांच्या बोटांना कंप सुटला होता. रोज सकाळी दार लावून, पलंगाच्या कडेला बसून त्या खऱ्या बटणांचा शर्ट घालत. पंचवीस मिनिटं लागत. आज घाईत डाव्या मनगटाचं बटण राहून गेलं होतं, आणि ते या गृहस्थांनी टिपलं होतं.

प्रश्न साधा नव्हता. बाईंच्या कंपनीने जन्मभर एकच गोष्ट विकली होती. वरून पाच बटणांचा नेहमीचा शर्ट, पण ती बटणं नुसती दिसायला. आत व्हेल्क्रोची पट्टी. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना एकच हात आहे, त्यांनी नुसतं दाबलं की शर्ट बंद. असा कपडा बाईंच्या आधी कुणी काढला नव्हता. त्यांनी काढला आणि हजारो घरांतल्या सकाळी सोप्या झाल्या. ते काही खोटं नव्हतं. खोटं होतं ते वेगळंच, आणि ते खाली प्रवेशदारापाशी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

भिंतीवरची गोष्ट अशी : बाईंचे वडील कपड्यांना हाताने काजं करायचे. आजारपणात त्यांचे हात थरथरू लागले, स्वतःच्या शर्टाची बटणंसुद्धा लावता येईनात. लेकीला ते बघवेना. तिने रात्रंदिवस विचार करून हा शर्ट शिवला आणि वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं.

यातलं डोळ्यांतलं पाणी बाईंनी पदरचं घातलं होतं. एका मुलाखतीत बोलता बोलता सुचलं, ऐकणारीने रुमाल काढला, मग पुढच्या मुलाखतीत ते गाळणं जमेना. बाकीच्या गोष्टीचंही तसंच. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती की बाईंना स्वतःलाच कधीकधी खरी वाटायची. मग सकाळ व्हायची आणि बटणं लावायला बसलं की सगळं आठवायचं.

“तुमच्या शिलाईखात्यातल्या सगळ्यात जुन्या बाई आणखी एक म्हणाल्या,” वार्ताहर वही मिटत म्हणाले. “पहिले शर्ट हरवले असं तुम्ही सांगता, पण त्यांतला एक शिल्लक आहे म्हणे. वडिलांच्या ट्रंकेत आहे, आणि ट्रंक तुमच्या पलंगाखाली.”

“तिच्या तोंडाला कधीच टाका बसणार नाही,” बाई म्हणाल्या. पण आवाजात राग नव्हता. खूप वर्षं कुणीतरी विचारेल याची वाट बघत असाव्यात, तशा त्या एकदम थकल्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “बाबांना बटणं लावता येत होती.”

वार्ताहरांनी पेन उचललं नाही. एवढं बरं केलं त्यांनी.

“वेळ लागायचा, पण लागायची. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. एक काज चुकायचं, मग सगळी काढून पुन्हा पहिल्यापासून. मी मदतीला गेले की हात झटकायचे. डॉक्टरांनीही बजावलं होतं, त्यांचं त्यांना करू दे, बोटं चालती राहतील, हेच त्यांचं औषध. मी तेव्हा एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. नऊला फाटक बंद व्हायचं. यांचे कपडे घालून होऊन हे खुर्चीत बसल्याशिवाय मला निघता यायचं नाही. रोज मी पिशवी खांद्याला लावून दारात उभी, आणि हे आपले तिसऱ्या बटणावर. मला दया नाही हो यायची. चीड यायची. एकदा मी म्हणाले, बाबा, तुमच्या या बटणांपायी माझी नोकरी जाणार आहे. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. दोन दिवसांनी सुट्टी होती. दुपारी ते झोपले आणि मी कात्री घेऊन बसले.”

बाईंनी बाबांच्या सगळ्या शर्टांची बटणं कापून काढली होती. काजं मशीनवर शिवून बंद केली, त्यांच्यावर बटणं नुसती टाचली, आत व्हेल्क्रो लावलं. ती काजं बाबांनी स्वतः केलेली होती. आपल्या शर्टाला दुसऱ्याच्या हातचं काज त्यांना चालत नसे. अख्ख्या बाजारात त्यांच्या काजांचं नाव होतं, आणि लेकीने ती तासाभरात बुजवून टाकली.

“उठल्यावर मी शर्ट दिला. दाबून बंद करायला सांगितलं. दोन मिनिटांत झालं. बाबांनी एकेका बंद काजावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, बरं केलंस, पोरी. दुसऱ्या दिवशी मी पावणेनऊला फाटकात होते. इतकी खूश होते मी!” बाई थांबल्या. “वर्षभरात त्यांची बोटं पार आखडली. चमचाही धरता येईना. मग गेले. मला आजही स्वतःची लाज वाटते. आणि त्यावर मी कंपनी उभी केली, सत्कार घेतले, हार घातले गळ्यात, याची त्याहून जास्त.”

“पण ते ‘बरं केलंस’ म्हणाले ना?” वार्ताहर हळूच म्हणाले.

“म्हणाले. त्याच एका वाक्यावर मी आजवर दिवस काढले.”

तेवढ्यात भाचा जिना चढून आला. हातात एक छापील कागद. शुक्रवारी समारंभ होता. काचेच्या पेटीत पहिल्या शर्टाची नक्कल ठेवायची होती आणि तिच्याखाली लावायची पाटी बाराच्या आत छपाईला द्यायची होती. ‘वडिलांवरच्या मायेतून उमललेला धागा’.

“मावशी, एवढं बघून हो म्हणा. छापखान्याचा माणूस खाली थांबलाय.”

‘उमललेला’ वाचून वार्ताहरांनी खिडकीबाहेर बघितलं. बाई मात्र कागदाकडे बघतच राहिल्या. या मजकुराखाली आता त्यांचा होकार हवा होता.

“ट्रंक काढ,” त्या म्हणाल्या.

“आत्ता?”

“आत्ता. पलंगाखाली आहे.”

बाबा गेले त्या आठवड्यात बाईंनी ती ट्रंक बंद केली होती, ती आज उघडली. आतलं बघायची हिंमत त्यांना कधी झालीच नव्हती. वर बाबांचं कामाचं सामान होतं, खाली एक पांढरा शर्ट नीट घडी करून ठेवलेला. हा बाबांचा ठेवणीतला. बटणं बदलल्यावर त्यांनी तो एकदाही अंगात घातला नव्हता. कुठे जाणं-येणं उरलं नाही म्हणून असेल, असं बाईंनी तेव्हा धरून चाललं होतं.

त्यांनी शर्ट पलंगावर पसरला. वरची तीन बटणं बाईंनी टाचली होती तशीच होती. खालची दोन नव्हती.

बाई वाकल्या. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई तपासली होती, त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. खालून पहिल्या काजावरची मशीनची शिवण कुणीतरी एकेक टाका करून उसवली होती. फाटलेल्या कडा हाताने पुन्हा बांधल्या होत्या. टाके वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड, मध्येच सुई भलतीकडे गेल्याच्या खुणा. कापडावर दोन तपकिरी ठिपके, बोटाला टोचल्याचे. पण काज पुरं झालं होतं. खालून दुसरं अर्ध्यावर होतं आणि तिथे सुई तशीच अडकून गंजली होती.

लेक कामावर गेली की घरी एकटा बसलेला माणूस दिवसभर काय करत होता, ते बाईंना आज कळलं.

“बरं केलंस म्हणाले होते,” त्या पुटपुटल्या.

सामानात बाबांचं शिवणाचं टोपण होतं, बोटात घालायचं. त्यात दोन बटणं. बाईंनी एक उचललं आणि खालच्या, पुऱ्या झालेल्या काजातून घालायला लागल्या. बटण बोटांतून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. खालून गाडीचा भोंगा वाजला. भाच्याने घड्याळ बघितलं आणि हात पुढे केला.

“द्या मावशी, मी घालतो. पटकन होईल.”

बाईंनी त्याचा हात झटकला. झटकला, आणि मग आपल्याच हाताकडे बघत राहिल्या.

भाचा मागे सरला. सहाव्या का सातव्या खेपेला बटण काजातून पार गेलं. टाके कसेही असोत, माप केसभरही चुकलेलं नव्हतं.

“पेटीत हा शर्ट ठेवायचा,” बाई म्हणाल्या. “खालची बाजू दिसेल असा. आणि पाटीवर मी सांगते ते.” त्या वार्ताहरांकडे वळल्या. “लिहा हो.”

वार्ताहरांनी आता पेन उचललं.

“वडिलांना बटणं लावता येत होती. मला घाई होती.”

“मावशी, हे काचेत लावायचं? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत,” बाई म्हणाल्या, आणि डाव्या मनगटाचं राहिलेलं बटण लावायला बसल्या.