तेवीस टोप्या

कुमारमामांनी भोर-वेल्हे मार्गावर तीस वर्षं एसटीची कंडक्टरकी केली. एवढ्या काळात त्यांचा एकही प्रवासी मागं राहिला नाही. उत्रोलीच्या फाट्यावर एक म्हातारा गाडीत चढता चढता वारला, त्यालाही मामांनी मुक्कामाला पोचवलं. तिथं तो उतरून चालत घरी गेला.

निवृत्त झाल्यावर घरी मोजायला चार खुर्च्या उरल्या, आणि त्या रोज चारच भरत. म्हणून मामांनी भोरच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये मदतीला नाव दिलं. ते मुलांना दाराशी रांगेत उभं करत, प्रत्येकाच्या टाळक्यावर बोट ठेवून मोजत आणि हातातल्या घंटीनं डबल बेल दिल्याशिवाय प्रार्थना सुरू होऊ देत नसत.

"मामा, मुलं गप्प बसतात हो," वर्ग चालवणाऱ्या सुलक्षणाबाई म्हणाल्या, "पण तुमच्याशी एक अक्षर बोलत नाहीत."

"गाडी चालू असताना बोलायचं काय काम?" मामा म्हणाले.

शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांनी निवाडा केला. वर्गाची सहल राजगडाखालच्या पाली गावाला जाणार होती. ती मामांनी न्यायची. बाई टेम्पोत पुढं, हनुमंत ड्रायव्हरशेजारी बसतील आणि कशातही मध्ये पडणार नाहीत. सगळी मुलं नीट परत आली तर वर्ग मामांचा. नाहीतर मामांनी दर रविवारी शेवटच्या बाकावर बसून नुसता उपदेश ऐकायचा.

मामांनी तेवीस पांढऱ्या टोप्या आणल्या. टोपी दिसली की मूल आहे, हा हिशेब साधा होता.

राजगडाच्या पायथ्याशी डबे खाऊन झाले, खेळ झाले. निघायच्या वेळी लहानगी सोनिया धावत आली. "मामा, माकडानं माझी टोपी नेली!"

"तक्रारी गाडी सुटल्यावर," मामा म्हणाले आणि मोजायला लागले. सोनिया टोपी शोधायला परत झाडांकडं पळाली.

टोप्या तेवीस भरल्या. डबल बेल. टेम्पो निघाला.

"मामा, माकड!" मागून पोरं ओरडली.

"गडाखाली माकडं असायचीच. खाली बसा."

"मामा, पण ते..."

"एकदा सांगितलं ना!"

पोरं गप्प झाली. मुलांना शिस्त लागली याचं मामांना इतकं समाधान वाटलं की मार्गासनीला गाडी थांबवून त्यांनी स्वतः बिस्किटं वाटली. बावीस हात पुढं आले. तेविसावा हात केसाळ होता.

टोपीखालून काळ्या तोंडाचं एक वानर मामांकडं बघत होतं. त्यानं पुडा नीट फोडला, कागद खिडकीबाहेर न टाकता सीटखाली ठेवला. तीस वर्षांत इतका सभ्य प्रवासी मामांनी पाहिला नव्हता. मग त्यांना सोनियाची टोपी आठवली.

"हनुमंता, गाडी फिरव! सोनिया मागं राहिली!"

बाईंनी पुढून नुसतं वळून बघितलं. तेच मामांना जास्त लागलं.

पालीत पहिल्याच घरातल्या धोंडाबाईंच्या ओट्यावर सोनिया पिठलं-भाकरी खात बसली होती. धोंडाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काय वो कंडक्टर, पोरगी ठिवून आमचं माकड नेलंत व्हय?"

"चूक झाली, बाई."

"आन् त्यो बघा! हितं रोज भाकरी पळिवतो, आन् तुमच्या गाडीत लई शाणा झालाय!"

वानर उतरलं, सोनिया चढली. टोपी मात्र वानरानं दिली नाही.

परतल्यावर मामांनी पाळकसाहेबांपुढं घंटी ठेवली. "डोकी बरोबर होती, साहेब. मूल चुकलं. पोरं सांगत होती, मी ऐकलं नाही." आणि ते आपणहून शेवटच्या बाकाकडं निघाले.

"मामाच पाहिजेत," सोनिया म्हणाली. "ते मला न्यायला परत आले."

पाळकसाहेबांनी सुलक्षणाबाईंकडं बघितलं. बाईंनी घंटी कपाटात ठेवली आणि हजेरीची वही मामांच्या हातात दिली.

आता मामा मोजत नाहीत. एकेक नाव घेतात, तोंड निरखून बघतात, काल काय काय झालं ते विचारतात आणि उत्तर संपेपर्यंत ऐकतात. तरीही खात्री म्हणून प्रत्येकाला बायबलमधलं एक वचन म्हणायला लावतात. वचन अडखळलं की मामा वाकून त्या मुलाच्या पाठीमागं शेपटी आहे का ते बघतात. तेव्हापासून भोरच्या वर्गाला सगळी वचनं तोंडपाठ आहेत.