इष्टलिंग कुणी धरायचं

छातीतली स्प्रिंग पुन्हा आवळल्याचं कळलं, तवा मला डॉक्टरपेक्षा मपल्या बायकोचा, शांतादेवीचाच राग आला. बाई, दोन वक्ताला दारात उभी राहिलीस, आन् आता मला एकट्याला टाकून गेलीस व्हय!

तेलगावात मपलं सरकी-पेंडीचं दुकान. पहिल्यांदा छातीत दुखलं तवा औरंगाबादला काळजाच्या नसेत स्प्रिंग बसवली. ती सहा महिन्यांत आवळली, म्हणून फुगा घालून मोकळी केली. आता पुन्हा पोतं सरकवलं की छातीवर कुणी बसल्यागत व्हायलं.

डॉक्टर म्हणाले, "रुद्रप्पा, जखम भरताना तुमचं मांस आत जास्तच वाढतंय. आता औषध लावलेली नवी स्प्रिंग निघालीय. जुनीच्या आत ती बसवू."

बसवा म्हणलं. मला त्याचं भ्याव न्हवतंच.

भ्याव होतं गळ्यातल्या इष्टलिंगाचं. आमी लिंगायत, दीक्षा झाल्यापसून ते अंगावरून उतरत न्हाई. पण चांदीची डबी छातीवर असली की यंत्रात नस नीट दिसत न्हाई, म्हणून काढावंच लागतं. मागं दोन्ही वक्ताला शांतादेवीनं ते तळहातावर घेतलं आन् मी बाहेर येईपर्यंत दारात उभी राहिली. बस म्हणलं तरी बसली न्हाई. परत गळ्यात घालायची तवा डबी ऊन-ऊन लागायची. गेल्या दिवाळीआधी ती गेली. आमच्यात मयताच्या डाव्या हातात त्याचं लिंग देऊन मातीत बसवतात. तिच्या हातात मीच दिलं.

आता उरला योगीराज, मपला एकुलता एक. पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत हाय. सांगावा मिळाल्याबरोबर दवाखान्यात आला बिचारा. उकडतंय म्हणून त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं, आन् मी बघतो तर गळ्यात दोराच न्हाई.

"लिंग कुठंय रे तुपलं?"

"कपाटात हाय, अप्पा. तिकडं रोजची पूजा व्हत न्हाई."

"स्वतःचं सांभाळता येईना, मपलं काय धरशील तू!"

"धरतो की. द्या ना."

"र्‍हाऊ दे. मपलं मी बघतो."

जिभेला हाड न्हाई तुमच्या, असं शांतादेवी नेहमी म्हणायची. पोराचं तोंड एवढंसं झालं. तो उठून बाहेर गेला, आन् तेवढ्यात मला आत नेलं.

मी डॉक्टरला म्हणलं, नळी मांडीतून घालताय ना, मग हात रिकामाच हाय. डाव्या मुठीत धरतो. ते म्हणाले, धरा, पण हात हलवू नका.

उताणा पडलो, मुठीत लिंग. आन् ध्यानात आलं, अरे, हे तर मयतासारखंच झालं की! मातीत बसवताना निदान भावकी तरी भवती असते. इथं तोंडं बांधलेली सगळी परकी माणसं. लई एकटं वाटलं. डोळ्यातलं पाणी कानात गेलं, पुसायची सोय न्हवती. मूठ आणखी आवळून धरली.

"झालं. नस उघडली," डॉक्टर म्हणाले.

ढकलगाडी बाहेर आली तर दारात योगीराज. त्याची आई उभी राहायची त्याच जागी. दोन्ही हात अंगापसून लांब धरलेले.

"नळावर हात धुवायला गेलतो, अप्पा. आलो तर तुमाला आत नेलतं. तवापसून इथंच उभा हाय, कशालाच शिवलो न्हाई." त्यानं तळहात पुढं केला. "आता तरी द्या. मी घालतो गळ्यात."

मला द्यायचं होतं. देवाशप्पथ द्यायचं होतं. पण आवळून आवळून बोटं आकडून गेलती, उघडेनात. उपाशी घसा कोरडाठक्क, शब्द फुटेना. पोरगं मपल्या मुठीकडं बघत राहिलं.

"बरं," म्हणाला. हात पँटीला पुसले आन् गोळ्या आणायला गेला.

जरा येळानं बोटं सुटली. डबी ऊन होती, मपल्याच हातानं.

"योग्या," मी हाक मारली. तो जिना उतरून गेलता.