म्हशीचं काय?

विजयसिंहाने डॉक्टरांच्या हातातलं पेन जवळजवळ काढूनच घेतलं, कागद कॉटच्या कडेवर ठेवला आणि वाकून विचारलं,

"कुठं करायची सही?"

डॉ. भैरवींनी कागदावर पंजा ठेवला. त्या वयाने लहानच होत्या, पण पंजा घट्ट होता.

"तुमची नाही. आजींची हवी."

"अहो, मी मुलगा आहे की त्यांचा!"

"हो, पण गुडघा त्यांचा आहे."

कॉटवर बसलेल्या धोंडुबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. आजी म्हणजे आपणच, हे ध्यानात यायला त्यांना जरा वेळ लागला. सकाळी कसबा बावड्यातून निघाल्यापासून त्यांच्याबद्दल पुष्कळ बोलणं झालं होतं, पण त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. नाव, वय, शुगर आहे का, बीपी आहे का, सगळं विजयसिंहानेच परस्पर सांगून टाकलं होतं. वय सांगताना तर त्याने दोन वर्षं वाढवली. सून क्रांती त्यांचं लुगडं पिशवीत घालून उभी होती आणि त्या दवाखान्याच्या हिरव्या झग्यात अवघडून बसल्या होत्या.

पोरगा वाईट नव्हता, उलट आईसाठी जीव टाकणारा होता. पण त्याने जीव टाकायला घेतला की समोरच्याला हलायची सोय उरत नसे. शिवाय त्याचं दुकान ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं. झिजलेला भाग काढायचा, नवा घालायचा, गाडी चालू करायची. यात आईला विचारण्यासारखं काय आहे, ते त्याला खरंच समजत नव्हतं.

डॉ. भैरवी स्टूल ओढून धोंडुबाईंच्या समोर बसल्या. उजव्या गुडघ्याचा सांधा झिजलाय, तो काढून धातूचा बसवायचा, दुसऱ्या दिवशी उभं करायचं, मग महिनाभर व्यायाम, असं सगळं त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात फिरवत सांगितलं. दुखणं जाईल म्हणाल्या. चालता येईल, जिना चढता येईल.

"पण मांडी घालून बसायचं नाही, आजी. आणि उकिडवं तर अजिबात नाही."

"म्हंजे कवापतूर?"

"कायमचंच धरा."

धोंडुबाईंनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या,

"मग म्हशीचं काय?"

शेजारच्या कॉटवरच्या बाळाबाई फिसकन हसल्या. त्यांना भेटायला आलेले चौघे हसले. विजयसिंह छताकडे बघून हसला. क्रांती तेवढी हसली नाही.

म्हशीचं नाव चंद्री. दूध चांगलं, पण स्वभाव सरकारी कचेरीतल्यासारखा. धोंडुबाईंशिवाय कुणाचा हात लागला की ती पान्हाच सोडत नसे, वर लाथ झाडत असे. एकदा हौसेने खाली बसलेल्या विजयसिंहाला तिने असा काही हिसका दिला होता, की तो शेणात आणि त्याचा नवा मोबाईल वैरणीत. त्या दिवसापासून तो गोठ्यात फक्त लांबून बोलायला जात असे.

"आई, तू चंद्रीची काळजी सोड," तो म्हणाला. "तिचं बघितलंय मी. रविवारी व्यापारी येतोय न्यायला."

धोंडुबाईंना राग आला. अगदी कानशिलं तापेपर्यंत आला. दुखणं खोटं नव्हतं. धार काढून उठताना गोठ्याचा खांब धरावा लागायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. पण नवरा गेल्यापासून पहाटे त्यांची वाट बघणारं घरात ते एकच कुणीतरी उरलं होतं.

"मला कुणी इचारलं?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच—"

"ह्या पोरीची-माझी सकाळची वळख. तिला सुचलं इचारायचं. तुला न्हाय सुचलं?"

विजयसिंहाने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"आजी, नको असेल तर नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला," डॉ. भैरवी म्हणाल्या. "आज हो म्हणून उद्या नाही म्हटलंत तरी चालेल. बाहेर फलकावर लिहिलंय सगळं."

"अहो डॉक्टर, तिला असलं काय सांगू नका!" विजयसिंह घायकुतीला आला.

फलक बाहेर होता खरा. रुग्णांचे हक्क एका बाजूला, जबाबदाऱ्या दुसऱ्या बाजूला. पण त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना लोकांनी डब्यांच्या पिशव्या अडकवल्या होत्या, त्यामुळे आत यायच्या आधी तो कुणाच्या वाचनात येत नसे.

धोंडुबाईंनी उशीखाली हात घातला आणि एक चपटी डबी काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

"तू खरं सांगितलंस, तवा म्या बी सांगते. मिशरी लावते मी. दिसातनं तीन-चार बारी. ह्येनं मगाशी व्यसन काय न्हाय म्हणून सांगितलं, ते खोटं हाय."

"आई!"

"बरं झालं सांगितलंत," डॉ. भैरवी म्हणाल्या. "भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळायला हवं ते. आणि आता ही बंद. तंबाखूने जखम लवकर भरत नाही."

"बगू," धोंडुबाई म्हणाल्या, पण डबी काही परत मागितली नाही. "आणि सहीचं उद्या सकाळी सांगते. आज सांजची धार कोण काढतंय, ते आधी बगू दे."

ऑपरेशनचा नंबर सकाळी उशिराचा होता. तोवर ठरवलंत तरी चालेल, फक्त रात्रीनंतर पोटात काही घालू नका, असं बजावून डॉक्टर पुढच्या कॉटकडे गेल्या. विजयसिंह मोबाईल काढून बाहेर गेला, आणि क्रांती लुगड्याची पिशवी काखेत मारून त्याच्या मागून गेली.

सांजेला धारेची वेळ झाली तशी धोंडुबाईंची बोटं चादरीवर आपोआप हलायला लागली. बाळाबाईंनी ते पाहिलं आणि विचारलं,

"किती देती?"

"मला देती," धोंडुबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

सकाळी विजयसिंह आला तो मैदान मारून आलेल्या पैलवानासारखा. दुधाची किटली त्याने खांद्याच्या वर धरली होती.

"काढली की धार! कालची बी आणि आजची बी. काय विषय नाही!"

धोंडुबाईंनी झाकण उघडून आत वास घेतला. उपाशी असल्यामुळे तोंडाला लावता येत नव्हतं, पण दूध चंद्रीचंच होतं. त्यांना आनंद झाला आणि त्याच वेळी जरा टोचलंही. दिलं म्हणायचं म्हशीनं दुसऱ्या कुणाला.

"तू काढलीस?"

"आता घरच्यांनी काढली म्हंजे आपणच काढली की."

धोंडुबाईंनी त्याच्या मागे पाहिलं. क्रांतीने पिशवी बोटांनी न धरता कोपरात अडकवली होती. दोन्ही हातांचे अंगठे सुजले होते. पिशवीतून त्यांचंच लुगडं डोकावत होतं आणि त्याच्या पदराला शेण लागलं होतं.

"जवळच येऊ देईना बघा, आत्या," क्रांती म्हणाली. "दोनदा लाथ झाडली. मग तुमचं हे लुगडं नेसले आणि पदर डोक्यावरनं घेऊन बसले. तिनं वास घेतला, आणि राहिली की उभी."

"झाली बघ सोय!" विजयसिंहाने टाळी वाजवली. "आता क्रांती काढंल रोज. व्यापाऱ्याला कालच नको म्हणून सांगितलंय मी. तुझा बी प्रश्न मिटला, म्हशीचा बी मिटला. कर सही."

तेवढ्यात डॉ. भैरवी आल्या. त्यांनी कागद पुढे केला. धोंडुबाईंनी पेन घेतलं, कागद मांडीवर ओढला आणि टोक टेकवता टेकवता थांबल्या.

"क्रांती, तुला इचारलं ह्येनं?"

क्रांतीने इकडेतिकडे पाहिलं.

"काय, आत्या?"

"रोज धार काढशील का म्हणून."

"न्हाय."

"आगं, त्यात काय विचारायचं?" विजयसिंह म्हणाला. "घरचंच तर काम हाय—"

"तू जरा गप. क्रांती, मी इचारते. तुला करायचं हाय का? न्हाय म्हणलीस तरी चालंल. मग माझ्या गुडघ्याचं बगू आपण पुढं."

क्रांती साखर कारखान्याजवळच्या शाळेत नोकरीवर सकाळी अकराला हजर होत असे आणि संध्याकाळी दमून घरी येत असे. अंगठ्यावरून अंगठा फिरवत ती विचार करत राहिली. तिला घाई लावावी असं या वेळी कुणालाच वाटलं नाही, आणि विजयसिंहाला वाटलं असेल तर त्याने ते दाखवलं नाही.

"सकाळची काढंन मी," ती म्हणाली. "खरं सांगायचं तर आवडलं मला. पण सांजची न्हाय जमायची, आत्या. सांजची ह्यांनी काढायची."

"मी?" विजयसिंह दचकला. "मला लाथ मारती ती!"

"लुगडं हाय की," क्रांती शांतपणे म्हणाली.

बाळाबाईंनी तोंडाला पदर लावला. विजयसिंहाने मदतीसाठी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉ. भैरवी फार गंभीर चेहऱ्याने हातातले कागद चाळत होत्या.

"कुणाची जबरदस्ती नाही," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायचा हक्क तुम्हालाही आहे."

धोंडुबाई पेन उचलून थांबल्या होत्या. विजयसिंहाने आईच्या गुडघ्याकडे पाहिलं, बायकोच्या अंगठ्यांकडे पाहिलं, हातातल्या किटलीकडे पाहिलं. बाहेरच्या बाकड्यावर ओळखीचं कुणी बसलेलं नाही याची खात्री करून घेतली.

"गोठ्याचं दार लावून काढंन," तो म्हणाला.

धोंडुबाईंनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. कागद डॉक्टरांना दिला आणि सुनेला जवळ बोलावलं.

"दांडीवर माझं नेसतं निळं लुगडं हाय, ते दे त्याला. आणि पदर डोक्यावरनं नीट घ्यायला सांग, न्हायतर वळखंल ती."