गुरामीला लाल कार्ड

सारी हयात फुटबॉलच्या मैदानावर शिट्ट्या फुंकण्यात घालवलेल्या पंचांचं निवृत्तीनंतर घरात काडीचं चालत नव्हतं. घर म्हणजे माणसं दोनच, पंच आणि त्यांचा थोरला भाऊ. दादा शिंपी. खाली दुकान, वर बिऱ्हाड. खिडकी उघडी ठेवायची की बंद, इथपासून दोघांची जुंपायची. शेवटी शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या बहिणीने वैतागून एक काचेची टाकी आणून दिवाणखान्यात खिडकीशी ठेवली.

"भांडणं ऐकून कान किटले माझे," ती म्हणाली. "आता मासे बघा आणि तोंडं मिटा."

तोंडं कसली मिटतायत! पंचांच्या मनात हनी गुरामी भरले होते. मधाच्या रंगाचे, गरीब स्वभावाचे, घोळक्याने राहणारे. पण दादाने कुणाला न विचारता लाल-निळ्या पट्ट्यांचा एक ड्वार्फ गुरामी आणून सोडलासुद्धा. नर होता. दादाने त्याचं नाव ठेवलं राजा.

पंच तडक शोभेच्या माशांच्या दुकानात गेले.

"बाई, त्या राजाच्या जोडीला माझे थोडे हनी सोडले तर?"

"नको हो काका," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "टाकी लहान आहे तुमची. तो नर आपल्या कोपऱ्यात कुणाला फिरकू देणार नाही. हनी बिचारे भित्रे, पानांआड लपतील आणि उपाशी राहतील. एक तर तो ठेवा, नाहीतर हे."

"आणि तो फारच भांडकुदळ निघाला तर?"

"तर परत आणा. बदलून देईन."

पंचांचे डोळे लकाकले. मात्र घरी येऊन बघतात तर राजासारखा सज्जन शोधून सापडला नसता. एकटाच होता, भांडणार कुणाशी? पोटाखालच्या दोऱ्यासारख्या मिशांनी पानं चाचपायची, मधूनच वर येऊन हवेचा घोट घ्यायचा, की पुन्हा खाली. पंच दोन दिवस डोळ्यात तेल घालून बसले. एकसुद्धा फाऊल नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सुचलं. दादा गिऱ्हाइकाचं माप घेण्यात गुंतलेला बघून त्यांनी दुकानातला हातआरसा शर्टाखाली लपवला, वर आणला, टाकीच्या बाजूच्या काचेला आत तोंड करून टेकवला आणि त्यावरून खिडकीचा पडदा ओढला.

दुपारी कुठे राजा पोहत तिथवर आला आणि जागीच थबकला. समोर अगदी त्याच्याच तोलामोलाचा, त्याच्याच रंगाचा दांडगा! राजाने सगळे पर फुलवले, अंगावरच्या पट्ट्या गडद केल्या आणि धाडकन काचेवर धडक मारली. समोरच्यानेही मारली. मग राजा जो इरेला पेटला!

"दादा, लवकर ये!" पंचांनी जिन्यातून हाक दिली. "तुझ्या लाडक्याला वेड लागलंय!"

गळ्यात मापाची फीत तशीच लटकवून दादा धापा टाकत वर आला. राजा काचेवर थडाथड आपटत होता.

"अरे अरे, असं काय करतोय हा?"

"स्वभाव!" पंच गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "माणसं ओळखण्यात आयुष्य गेलं माझं. हा मैदानात ठेवण्याच्या लायकीचा नाही. लाल कार्ड. आजच परत देऊन येऊ."

दादाचा चेहरा पडला. मधाच्या रंगाचा घोळका डोळ्यांपुढे आणून पंचांनी मन घट्ट केलं.

"एकटा पडलाय रे तो," दादा म्हणाला. "परत कशाला? दोन माद्या आणतो त्याला."

"छे छे! माद्यांना छळेल!" पंच घाईघाईने म्हणाले.

"आणि अंधार केवढा केलायस. नीट दिसत तरी नाही त्याला," असं म्हणून पंच आडवे येण्याआधीच दादाने पडदा सर्रकन बाजूला ओढला.

आरशात आधी राजा दिसला, त्याच्यामागे दादा, आणि त्याच्यामागे छताचं निरीक्षण करणारे पंच.

"सकाळपासून शोधतोय हा मी," दादा अगदी शांतपणे म्हणाला. "गिऱ्हाइकाला पाठ दाखवायला आरसा नाही म्हणून दोघांना तसंच घालवलं. आता शिट्टी कुणाच्या नावाने वाजवायची?"

पंचांनी घसा खाकरला. "पंचाचा निर्णय... कधीकधी चुकतो."

दादा हसू दाबायला गेला आणि त्याला ठसका लागला. मग दोघेही खो खो हसत सुटले. संध्याकाळी दोघे मिळून बाईंच्या दुकानात गेले. वाटभर भांडले, पण गेले. तोडगा असा निघाला की राजासाठी वेगळी टाकी घेऊन ती खाली दुकानात, शिवणयंत्राच्या बाजूला ठेवायची आणि वर पंचांचे हनी गुरामी सोडायचे.

हनी आले. पहिले काही दिवस पानांत दडून बसले, मग हळूहळू हिंडू लागले. दादा रोज जेवायला वर आला की आधी त्यांच्यापुढे बसायचा. "किती गुणाचे आहेत रे," म्हणत त्यांना चिमूट चिमूट खाणं टाकायचा.

पंचांना मात्र करमेना. हनी फारच शहाणे निघाले. ना कुणी कुणाला ढकलत होतं, ना कुणाची कुरापत काढत होतं. रोज दुपारी पंच काही ना काही निमित्त काढून खाली दुकानात जाऊ लागले. आज बाही उसवली, उद्या खिसा फाटला. दादा मुकाट्याने शिवून द्यायचा आणि पंच तोवर स्टूल ओढून राजासमोर बसायचे. राजा त्यांच्या बोटामागे काचेभर धावायचा, पर फुलवून डोळे वटारायचा.

एके दिवशी दादाने हातातला शर्ट उलटसुलट करून पाहिला.

"हे बटण तुटलेलं नाही, कापलेलं आहे. कात्रीने."

"शिव तू," पंच टाकीवरची नजर न हलवता म्हणाले, "आणि जरा सावकाश शिव."