मनोऱ्याला बाहेरून कुलूप

राजदीपनं पुस्तकावरची लाल फीत ओढली, तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या पहिल्या रांगेतल्या चंपाआत्यानं. का नाही वाजवणार? पुस्तक लिहिणारी उर्वी तिची भाची. आई गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. तेव्हापासून तिला वाढवलं ते आत्यानंच, पोलादाच्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, स्वतःचं लग्नबिग्न बाजूला ठेवून. फीत ओढायचा मान मात्र बापाला मिळाला. चंपाआत्याला त्याचंही वाईट वाटलं नव्हतं. भाऊ सुधारला, इस्त्रीचा शर्ट घालून पोरीशेजारी उभा राहिला, हेच तिला पुष्कळ होतं.

मग उर्वी वाचायला लागली. पुस्तक हिंदीत, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींसाठी. मनोऱ्यात कोंडलेल्या मुलीची जुनीच परीकथा, पण हिच्या गोष्टीत राजपुत्र येतच नाही. मुलगी आपली वेणी आपणच कापते, तिचा दोर करते आणि उतरून चालू लागते. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. चंपाआत्याही हसली.

पुढच्या पानावर चेटकीण आली. ती दुपारी भट्टीवर कामाला जायची आणि जाताना मनोऱ्याला बाहेरून कुलूप लावायची. मुलीचा बाप, बिचारा राजा, खाली उभा राहून हाका मारायचा, ‘बेटी, दरवाज़ा खोल.’ चेटकिणीनं मुलीला बजावलं होतं, ओ द्यायची नाही.

चंपाआत्याचे हात मांडीवरच राहिले. प्लांटातली तिची दुपारची शिफ्ट, तिनं बाहेरून लावलेलं कुलूप, सगळ्या ब्लॉकनं वर्षानुवर्षं पाहिलेलं. खालच्या मजल्यावरच्या सिंधुताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी कोपरानं ढोसलं.

"अवो बाई, हे तर तुमचंच सांगून राहिली पोरगी!"

"गोष्ट आहे ते."

"काय बाप्पा! ज्याचं करावं भलं, तो म्हणे माझंच खरं."

कुलूप चोरांसाठी आहे, असं आत्यानं पोरीला सांगितलं होतं. खरं कारण राजदीप. त्या काळी तो रसमड्याच्या कारखान्यातून सुटला की सरळ गुत्ता गाठायचा. एकदा त्यानं उर्वीला शाळेतून उचललं, सुपेल्याच्या बाजारात दारूच्या दुकानासमोर स्कूटरवर बसवलं आणि विसरून गेला. स्वतः दुसऱ्या दिवशी उगवला. त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर एका भाजीवालीनं झोपलेली पोर घरी आणून दिली होती. सकाळी पोरीनं काही विचारलं नाही, आत्यानंही काही सांगितलं नाही. पोरीला बाप नको का? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पोर अजाण आहे, तिला काय ठाऊक, अशी मनाची समजूत घालतच वाचन संपल्यावर चंपाआत्या हॉलमागच्या खोलीत गेली. उर्वी तिथं एकटीच समोसा खात होती.

"उर्वी, मी ते कुलूप कावून लावत होती, माहीत आहे तुले?"

"हो न. बाबामुळे."

"कोणं सांगतलं?"

"सांगाले कोण पाहिजे? स्कूटरवर मीच तर बसून होती, आत्या. दाराबाहेर ते उभे राहिले की आतपर्यंत वास यायचा."

चंपाआत्या खुर्ची ओढून बसली.

"मग असं कावून लिहिलं?"

"संपादिका मॅडम म्हणे, पहिल्या पुस्तकात चेटकीण पक्की वाईट पाहिजे. वाचणारीले पहिले तिचा राग आला पाहिजे. दुसऱ्या पुस्तकात तिची बाजू. आजकल वही चलता है! ते अख्खं पुस्तक तुझ्यावर आहे, आत्या. म्हणून तर तुझी बाजू त्यासाठी राखून ठेवली."

उर्वीचा चेहरा उजळला होता. आत्या खूश होईल, असंच तिला खरोखर वाटत होतं.

"आन् तोपर्यंत मी चेटकीण?"

"तू नाही न यार. कॅरेक्टर आहे ते."

"सिंधुताईले सांग हे."

उर्वी हसली. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तिनं तो टेबलावर ठेवला.

"चल, बोल न. पहिल्यापासून."

"दुसऱ्या पुस्तकात तुझा बाप कोण राहीन?"

"राजाच." उर्वीनं बोटं पुसली. "आता कुठं सुधरले ते. आन् तूच तर म्हणत होती, बापाचं नाव खराब नाही करायचं."

"मग चेटकीण कुलूप कावून लावते?"

"ते दाखवू काही तरी. अकेलापन. मुलगी आपल्याले सोडून जाईन, याची भीती. लोक रडतीन, पाहजो."

चंपाआत्या रडली नाही. तिला चीड आली, अशी की कानशिलं तापली. पोरीनं न समजता लिहिलं असतं तर तिनं हसून सोडून दिलं असतं. हिला सगळं समजलं होतं, आणि समजूनच हिनं आत्याला विकलं होतं. आता लाडीगोडीनं पुन्हा एकदा विकणार होती.

दारातून राजदीप डोकावला. त्याच्यामागे चहाचा कप घेऊन सिंधुताई.

"ताई, चल लवकर. फोटो काढून राहिले सगळे."

चंपाआत्यानं शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस, राजदीप. पोरगी दुसरं पुस्तक लिहून राहिली. सुपेल्याच्या बाजारात त्या दिवशी काय झालं, ते तूच सांग तिले. कुठं चुकलं तर मी आहे."

राजदीपनं सिंधुताईंकडे पाहिलं, मग फोनकडे. तो उभाच राहिला. उर्वीनं घाईनं फोन बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे चालू," चंपाआत्या म्हणाली.